शानहाय जिंग: नवख्या वाचकाने कुठून आणि कसे वाचावे

नऊ शेपट्यांचा कोल्हा, डोके तुटल्यावरही ढाल-कुऱ्हाड फिरवणारा शिंगत्येन, सूर्याचा पाठलाग करणारा क्वाफू. यांची चित्रे पाहून बरेच जण ‘शानहाय जिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाकडे वळतात, मोठ्या उत्साहाने पहिले पान उघडतात आणि चार-पाच पानांतच मिटून ठेवतात. तिथे गोष्ट सापडत नाही. ‘आणखी पूर्वेला तीनशे ली, अमुक पर्वत, तिथे जेड पुष्कळ’ अशा नोंदी एकापाठोपाठ येत राहतात (ली हे अंतराचे जुने चिनी माप). दोष वाचकाचाही नाही आणि ग्रंथाचाही नाही. अद्भुत प्राण्यांचा संग्रह अशी ओळख ऐकून आलेल्या माणसाच्या हाती डोंगर, नद्या, खनिजे, औषधे आणि पूजाविधी यांची नोंदवही पडते, म्हणून घोटाळा होतो. प्राणी त्या नोंदवहीत आहेत, पण प्रत्येक जण आपापल्या डोंगरावर, आपापल्या नदीकाठी आहे. त्याला तिथून उचलून वेगळा काढला की त्याचा अर्थ निम्मा होतो. म्हणून वही, पट्टी आणि पेन्सिल घेऊनच बसावे.

आधी ग्रंथाचा सांगाडा

ग्रंथ लहान आहे. मूळ चिनी मजकूर सुमारे ३१ हजार अक्षरांचा, अध्याय १८. त्यांची वाटणी अशी:

– पर्वतांचे ५ अध्याय: दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व, मध्य. निम्म्याहून जास्त मजकूर यांतच आहे.
– समुद्रापलीकडचे ४ अध्याय: दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व.
– समुद्राच्या आतले ४ अध्याय.
– महाअरण्याचे, म्हणजे ‘दाहुआंग’चे, ४ अध्याय.
– शेवटी ‘समुद्राच्या आत’ याच नावाचा आणखी एक सुटा अध्याय.

दिशांचा क्रम लक्षात घ्या. पर्वतांचे आणि समुद्रांचे अध्याय पूर्वेपासून नव्हे, दक्षिणेपासून सुरू होतात. महाअरण्याचे तेवढे पूर्वेपासून. मुद्रित आवृत्त्यांत ‘समुद्राच्या आत’ हे शीर्षक दोन ठिकाणी येत असल्याने अध्याय दहा ते तेरा आणि अध्याय अठरा यांची गल्लत हमखास होते. वहीत अध्यायाचा क्रमांक नेहमी आधी लिहावा.

हे सगळे एका हातचे नाही. परंपरेने ग्रंथाचे कर्तृत्व महापूर आवरणारा राजा यू आणि त्याचा सहकारी यी यांना दिले जाते. परंतु अभ्यासक पर्वतांचे अध्याय साधारण इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातले मानतात आणि समुद्रांच्या अध्यायांत हान काळापर्यंतची भर धरतात. याचा एक ढळढळीत पुरावा अठराव्या अध्यायातच आहे. पौराणिक राजा शुनची समाधी ‘छांगशा आणि लिंगलिंग यांच्या हद्दीत’ आहे असे तिथे म्हटले आहे. लिंगलिंग हा प्रशासकीय विभाग हान सम्राट वूने इ.स.पू. १११ मध्ये स्थापला. यूच्या लेखणीतून ते नाव येणे शक्य नाही. सहाव्या शतकातल्या यान झितुई या विद्वानाने ही विसंगती तेव्हाच दाखवून दिली होती.

आज आपण वाचतो तो साचा ल्यू शिन याने ठरवला. इ.स.पू. ६ मध्ये त्याने सम्राटाला ग्रंथ सादर केला आणि सोबतच्या निवेदनात ३२ प्रकरणे तपासून १८ केल्याचे सांगितले. त्याच निवेदनात एक घटना आहे. सम्राट श्वानच्या काळात शांगजुन भागात एक खडक फोडला, तेव्हा आतल्या पोकळीत हात बांधलेला माणूस सापडला. तो कोण, हे दरबारात कुणालाच सांगता येईना. ल्यू शिनचे वडील ल्यू श्यांग यांनी याच ग्रंथाच्या आधारे सांगितले की हा अर्फू या देवाचा सेवक वेई. त्यानंतर दरबारातले विद्वान ग्रंथ आवर्जून वाचू लागले. त्या काळी तो माहितीचा ग्रंथ म्हणून वापरात होता, मनोरंजनासाठी नव्हे, हे यावरून दिसते. हान राजवंशाच्या ग्रंथसूचीत तो भूमी व वस्तूंच्या आकारावरून शुभाशुभ ओळखण्याच्या शास्त्रात आहे, पुढे सुई राजवंशाच्या सूचीत भूगोलात, आणि अठराव्या शतकातल्या शाही ग्रंथसंग्रहात थेट कल्पित कथांत. ग्रंथ तोच राहिला, वाचणाऱ्यांचे जग बदलत गेले.

पहिली पायरी: योग्य आवृत्ती निवडणे

चिनी येत असेल तर युआन के यांची १९८० ची टीकाग्रंथ-आवृत्ती घ्या. विरामचिन्हे आधुनिक आहेत, जुन्या भाष्यकारांची मते एकाच ठिकाणी मिळतात आणि पुराणकथांवरच्या टिपा सर्वांत भरघोस आहेत. जुन्या भाष्यकारांपैकी तीन नावे पुन्हा पुन्हा भेटतील. ग्वो पू (२७६–३२४) याचे भाष्य आज उपलब्ध असलेल्यांत सर्वांत जुने. अवघड अक्षराचा उच्चार आणि ‘ही वस्तू आमच्या काळात अमुक नावाने ओळखतात’ अशी माहिती त्याच्याकडे मिळते. बी युआन (१७३०–१७९७) डोंगर-नद्यांची ठिकाणे शोधतो. हाओ यीशिंग (१७५७–१८२५) पाठभेद तपासतो, अंतरांची बेरीज करून पाहतो आणि चुका उघड करतो.

इंग्रजीतून वाचणार असाल तर दोन पुस्तके उपयोगी पडतील. ॲन बिरेल यांचा १९९९ चा अनुवाद संपूर्ण आहे, पण त्यात विशेषनामांचेही इंग्रजी भाषांतर केले आहे. त्यामुळे इतरत्र काही शोधताना मूळ चिनी नाव हाती लागत नाही. डोंगराच्या भाषांतरित नावापुढे मूळ उच्चार लिहीत जा, नाहीतर पन्नासाव्या पानावर पुरता गोंधळ होतो. रिचर्ड स्ट्रासबर्ग यांचे २००२ चे पुस्तक संपूर्ण अनुवाद नाही. ते निवडक प्राण्यांवर आहे, पण सोबत मिंगकालीन चित्रे आणि चांगल्या टिपा आहेत. पहिले मुख्य वाचनासाठी आणि दुसरे शेजारी उघडे ठेवण्यासाठी, अशी विभागणी करावी. मूळ मजकूर ‘चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट’ या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. चिनी न येणाऱ्यालाही तिथे एखादे नाव किती ठिकाणी येते ते शोधता येते.

रंगीत चित्रांची जाड पुस्तके सुरुवातीला घेऊ नयेत. त्यांत बहुधा मूळ मजकूर, भाष्य आणि आजच्या लेखकाची कल्पना एकाच परिच्छेदात कालवलेली असते. कुठले वाक्य कुणाचे, हे नवख्याला कळत नाही.

दुसरी पायरी: एक नोंद फोडून वाचणे

पर्वतांच्या अध्यायांतली प्रत्येक नोंद ठरावीक साच्यात आहे. साचा एकदा हाती आला की पुढचे शेकडो डोंगर भराभर वाचता येतात. दक्षिण पर्वतांची अगदी पहिली नोंद घेऊ. पर्वत झाओयाओ, पश्चिम समुद्राच्या काठावर. दालचिनीच्या कुळातली झाडे पुष्कळ, सोने आणि जेडही पुष्कळ. एक गवत आहे, चिनी लसूणपातीसारखे, फुले निळसर-हिरवी, नाव झूयू. खाल्ले की भूक लागत नाही. एक झाड आहे, कागदी तुतीसारखे पण काळ्या रेषांचे, त्याची प्रभा चारी दिशांना पडते, नाव मिगू. अंगावर बाळगले की वाट चुकत नाही. एक पशू आहे, माकडासारखा, पांढऱ्या कानांचा, वाकून सरपटतो आणि माणसासारखा धावतो, नाव शिंगशिंग. खाल्ला की माणूस चांगला पळतो. लिजी नदी इथे उगम पावते, पश्चिमेला वाहत समुद्राला मिळते, तिच्यात ‘युपेई’ नावाची वस्तू पुष्कळ. ती बाळगली की पोटाचा एक विकार होत नाही.

आता वहीत आडवे पान घेऊन आठ रकाने आखा: क्रमांक, दिशा व अंतर, पर्वत, वनस्पती, खनिजे, नदी (उगम, वाहण्याची दिशा, कुठे मिळते), प्राणी, परिणाम. प्राण्याचा रकाना रुंद ठेवा, कारण त्यात चार गोष्टी येतात: कशासारखा दिसतो, कोणता अवयव वेगळा आहे, आवाज कसा, नाव काय. मूळ मजकूर शेजारी असेल तर काही ठरीव शब्दसमूह कानाने ओळखायला शिका. ‘यौ दोंग’ म्हणजे आणखी पूर्वेला, ‘यौ शौ येन’ म्हणजे तिथे एक पशू आहे, ‘छी झ्वांग रू’ म्हणजे त्याचे रूप अमुकासारखे, ‘छी मिंग युए’ म्हणजे त्याचे नाव अमुक, ‘ज्येन झे’ म्हणजे दिसला की. ही पाच खूणपट्ट्यांसारखी काम करतात.

‘परिणाम’ हा रकाना सर्वांत मोलाचा आहे. त्याचे तीन प्रकार वेगळ्या खुणांनी नोंदवा.

*खाल्ल्याने होणारा.* हा औषधाचा भाग. चिएनलाय पर्वतावरच्या मेंढीवर्गीय पशूची चरबी कातडी फुटल्यावर लावायला चालते. उत्तरेच्या लोंगहौ पर्वतावरून निघणाऱ्या नदीत चार पायांचा, बाळासारखा रडणारा ‘मनुष्य-मासा’ आहे. तो खाल्ल्यास बुद्धिमांद्य येत नाही. चीनमधल्या महाकाय सॅलमँडरला आजही लोक बोलीत ‘बाळमासा’ म्हणतात, त्यामुळे ही नोंद कशावरून आली असेल याचा अंदाज बांधता येतो.

*अंगावर बाळगल्याने होणारा.* हा ताईत-गंड्याचा भाग. न्यूयांग पर्वतावरचा लूशू घोड्यासारखा, डोके पांढरे, पट्टे वाघाचे, शेपूट लाल, आवाज गाण्यासारखा. त्याचा अंश बाळगला की संततीला भले. त्याच डोंगरावरच्या नदीत पक्ष्याचे डोके आणि सापाची शेपूट असलेले कासव आहे, आवाज लाकूड फोडल्यासारखा. ते बाळगले की बहिरेपण येत नाही.

*नुसता दिसल्याने होणारा.* हा शकुनाचा भाग, आणि राज्यकर्त्यांना याची सर्वांत जास्त काळजी. ताय-हुआ पर्वतावरचा सहा पायांचा, चार पंखांचा फेईयी साप दिसला की जगभर अवर्षण. एका पायाचा, क्रौंचासारखा बीफांग दिसला की गावात अकल्पित आग. पांढऱ्या डोक्याचा, लाल पायांचा झूयेन वानर दिसला की मोठे युद्ध. बैलासारखा, एकाक्ष, सापाच्या शेपटीचा फेई पाण्यातून चालला तर पाणी आटते, गवतातून चालला तर गवत मरते, आणि दिसला की साथ पसरते. काही शकुन चक्क प्रशासकीय आहेत. दक्षिणेच्या दुसऱ्या माळेत, म्हणजे डोंगररांगेत, माणसाच्या हातांसारखे पाय असलेला झू पक्षी दिसला की त्या तालुक्यातून पुष्कळ विद्वानांची हकालपट्टी होते. शुभ शकुन थोडे आहेत. चियाओ हा कुत्र्यासारखा, बिबट्याच्या ठिपक्यांचा पशू दिसला की देशात पीक उदंड, आणि पंचरंगी फेंगहुआंग पक्षी दिसला की सर्वत्र शांतता.

इथे नवख्याची एक चूक ठरलेली. छिंगछ्यू पर्वतावरचा नऊ शेपट्यांचा कोल्हा बाळासारखा आवाज काढतो, माणूस खातो, आणि ‘खाणाऱ्याला गु-बाधा (विषारी जादूटोण्याची बाधा) होत नाही’. हा खाणारा म्हणजे कोल्हा खाणारा माणूस. तिन्ही वाक्यांचा कर्ता कोल्हाच धरला की अर्थ उलटा होतो. मोहिनी घालणारी कोल्ही-सुंदरी या नोंदीत कुठेच नाही, ती शतकांनंतरच्या कथांतून आली. ‘आवाज बाळासारखा’ हे वर्णन मात्र नीट टिपा. ते नरभक्षक प्राण्यांच्या नोंदींत वारंवार येते.

तिसरी पायरी: अंतरे मोजून नकाशा काढणे

पर्वतांचे पाच अध्याय २६ माळांत विभागलेले आहेत: दक्षिण ३, पश्चिम ४, उत्तर ३, पूर्व ४, मध्य १२. एका बैठकीला एक माळ वाचावी, अर्धी सोडू नये. प्रत्येक माळेच्या शेवटी हिशेब असतो: पहिल्या डोंगरापासून शेवटच्यापर्यंत किती डोंगर, किती ली, तिथल्या देवांचे रूप कसे आणि त्यांना काय वाहायचे. वाचक हा भाग कंटाळवाणा म्हणून ओलांडतात, पण ग्रंथाचा हेतू इथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. पहिल्या माळेचे देव पक्ष्याच्या देहाचे आणि ड्रॅगनच्या डोक्याचे. त्यांना लोकर-केस असलेला पशू आणि एक झांग-जेड (पूजेची जेडची पट्टी) एकत्र पुरायचे, नैवेद्याला चिकट तांदूळ, एक जेडचे चक्र, आणि बसायला पांढऱ्या गवताची चटई.

पहिल्या माळेचा नकाशा ए-४ कागद आडवा धरून काढा. प्रमाण १ सेंटिमीटरला १०० ली. उजवीकडे पूर्व. डाव्या कडेला झाओयाओ मांडा आणि पूर्वेकडे अंतरे घेत चला: ३००, ३८०, ३७०, ३००, ४००, ३००, ३००, ३५०. शेवटचा डोंगर जीवेई २७ सेंटिमीटरवर येतो आणि कागदावर जेमतेम मावतो. आता समारोपातला हिशेब पाहा. ग्रंथ म्हणतो, ‘दहा डोंगर, २९५० ली.’ तुमच्या कागदावर नऊच डोंगर आहेत आणि बेरीज २७००. तुमची बेरीज बरोबर आहे. नकला होताना मजकूर गळला, सरकला किंवा आकडे बदलले, त्याची ही खूण. अशी तफावत आढळली की खोडरबर घेऊ नका. दोन्ही आकडे शेजारी लिहा आणि भाष्यात बघा. हाओ यीशिंगने हा हिशेब आधीच तपासलेला आहे.

पुढच्या माळा लांबत जातात. पश्चिमेची तिसरी माळ ग्रंथाच्याच हिशेबाने २३ डोंगरांची, ६७४४ लीची आहे. तिला याच प्रमाणात तीन ए-४ कागद जोडावे लागतात. तिथे वाट सरळ जात नाही, वायव्य-नैर्ऋत्य अशी वळते, म्हणून कोनमापक जवळ ठेवा. कुनलुन, शी-वांग-मू देवीचा जेड-पर्वत आणि चेहराच नसलेला, सहा पायांचा, चार पंखांचा, तरीही नाच-गाणे जाणणारा दीजियांग हे सगळे याच माळेत भेटतात. दक्षिणेची पहिली माळ झाली की हीच घ्यावी, रस टिकून राहतो. मध्य पर्वतांचा अध्याय १९७ डोंगरांचा आहे. तो सलग वाचायला जड, पण खऱ्या भूगोलाशी सर्वांत जास्त जुळणारा. तो शेवटी ठेवा.

ली म्हणजे किती? हान काळच्या मापाने १ ली म्हणजे १८०० छी, १ छी सुमारे २३.१ सेंटिमीटर, म्हणजे १ ली सुमारे ४१६ मीटर. पण या ग्रंथातली अंतरे मोजलेली आहेत असे समजून आजच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. ताय-हुआ पर्वत म्हणजे आजच्या शेन्शी प्रांतातला हुआशान, त्याबद्दल फारसा वाद नाही. ग्रंथ त्याची उंची ५००० रेन सांगतो. रेन ७ किंवा ८ छींचा. हिशेब केला तर उंची ८००० मीटरच्या वर जाते. प्रत्यक्षात हुआशान सुमारे २१५५ मीटर आहे. कडा तासून चौकोनी केल्यासारखा, हे वर्णन मात्र तिथे गेलेल्या कुणालाही पटेल. म्हणजे रूप, दिशा, क्रम आणि नदी कुठे मिळते यांवर जास्त भरवसा ठेवावा, आकड्यांवर कमी.

आणखी दोन खाचखळगे. डोंगराच्या बाबतीत ‘यांग’ बाजू म्हणजे उन्हाची, दक्षिणेकडची, आणि ‘यिन’ म्हणजे उत्तरेकडची. नदीच्या बाबतीत हे उलटते: यांग म्हणजे उत्तर काठ. लुओ नदीच्या उत्तरेला वसले म्हणून लुओयांग. दुसरा खळगा धातूंचा. ‘जिन’ हे अक्षर दिसले की सोने धरू नका. ते धातू या व्यापक अर्थानेही येते. पिवळा जिन सोने, पांढरा जिन चांदी, लाल जिन तांबे. ‘जल-जेड’ म्हणजे स्फटिक, असे ग्वो पू सांगतो.

चौथी पायरी: समुद्रापलीकडे जाताना पद्धत बदलणे

सहाव्या अध्यायापासून लीची अंतरे जवळजवळ संपतात. इथे देश ओळीने येतात, ‘अमुकाच्या पूर्वेला तमुक’ असे. दक्षिणेचा अध्याय नैर्ऋत्य कोपऱ्यापासून आग्नेय कोपऱ्यापर्यंत जातो: पंख असलेले लोक, छातीला भोक असलेले, पाय एकमेकांत अडकलेले, न मरणारे, तीन डोक्यांचे, लांब हातांचे. नकाशा काढायचा तर मध्ये चौकोन आणि चारी कडांना देशांची रांग अशी आकृती करा. पश्चिमेचा अध्याय लांब पायांच्या लोकांवर संपतो आणि उत्तरेचा ‘लांब पायांच्या लोकांच्या पूर्वेला’ असाच सुरू होतो. त्यामुळे कोपरे आपोआप जुळतात. प्रत्येक बाजूच्या शेवटी त्या दिशेचा देव आहे: दक्षिणेला झूरोंग, पश्चिमेला रूशौ, उत्तरेला यूछियांग, पूर्वेला गौमांग.

या अध्यायांतली वाक्ये नीट ऐका. लांब हातांचा माणूस ‘दोन्ही हातांत एकेक मासा धरून’ आहे. दहा सूर्यांनी होरपळून मारलेल्या नूछौचे शव ‘उजव्या हाताने तोंड झाकून’ आहे. अशी स्थिर मुद्रा वर्णनात येते ती लेखकासमोर चित्र होते म्हणून, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ताओ युआनमिंग (३६५–४२७) हा कवीदेखील चित्रे पाहत ग्रंथ वाचत असल्याचे लिहितो. ती प्राचीन चित्रे आज नाहीत. आपण पाहतो ती जुन्यांतली जुनी चित्रमाला मिंग काळातली, सोळाव्या शतकाच्या अखेरची, आणि ती मजकुरावरूनच काढलेली आहे. म्हणून चित्र आणि मजकूर यांत फरक दिसला तर मजकूर खरा. मध्येच येणारे ‘एका पाठात असे म्हटले आहे’ हे वाक्य जुन्या संपादकाची टीप आहे. ती वहीत वेगळ्या रंगाने लिहा.

पाचवी पायरी: एकच नाव अनेक ठिकाणी

महाअरण्याचे अध्याय सर्वांत तुटक आहेत आणि पुराणकथांसाठी सर्वांत समृद्ध. दहा सूर्यांची आई शीहे, बारा चंद्रांची आई छांगशी, पिवळ्या सम्राटाने छियौ या आपल्या शत्रूवर सोडलेली अवर्षणाची देवी, एका पायाच्या क्वेईच्या कातड्याचा पाचशे लींवर ऐकू जाणारा नगारा, हे सारे इथे. अध्याय उशिरा संकलित झाले असले तरी आतला काही भाग फार जुना आहे. चौदाव्या अध्यायातला, दोन्ही हातांनी पक्षी धरून त्याचे डोके खाणारा वांग हाय हा विक्षिप्त कल्पना वाटायचा. १९१७ मध्ये वांग गोवेई यांनी शांगकालीन भविष्यास्थींवरील (शकुन पाहण्यासाठी वापरलेल्या हाडांवरील) लेखांत शांग राजांचा पूर्वज म्हणून त्याचेच नाव दाखवले. चार दिशांच्या वाऱ्यांची नावेही त्या अस्थींवर सापडली आहेत.

इथे प्रत्येक नावासाठी वेगळे पान करा आणि अध्यायवार नोंदी घ्या, एकत्र कालवू नका. शी-वांग-मू दुसऱ्या अध्यायात बिबट्याची शेपूट, वाघाचे दात, विस्कटलेले केस असलेली, आकाशातली संकटे आणि शिक्षा सांभाळणारी. बाराव्यात ती छोट्या मेजाला टेकून बसली आहे आणि तीन निळे पक्षी तिच्यासाठी अन्न आणतात. सोळाव्यात ती गुहेत राहते. अमरत्वाची फळे वाटणारी सुंदर राणी यांतल्या एकाही ठिकाणी नाही. क्वाफूचेही तसेच. आठव्या अध्यायात तो सूर्यामागे धावतो, ह्वांग आणि वेई या नद्या पिऊनही तहान भागत नाही, वाटेत मरतो आणि त्याच्या काठीचे अरण्य होते. सतराव्यात तहानेने मेल्याचे सांगितल्यावर लगेच ‘यिंगलोंगने (पंखांच्या ड्रॅगनने) छियौला मारले, मग क्वाफूला मारले’ असेही येते. दोन परंपरा शेजारी ठेवल्या आहेत. संपादकाने त्या मिटवल्या नाहीत, आपणही मिटवू नयेत.

आपल्याकडच्या वाचकासाठी दोन जागा

अठराव्या अध्यायाच्या आरंभीच ‘चाओश्येन आणि त्येनदू’ अशी दोन देशांची नावे एकत्र येतात. त्येनदू म्हणजे भारत, असे ग्वो पू सांगतो आणि बुद्ध त्याच देशात झाला अशी पुस्तीही जोडतो. पण मजकूर या दोघांना ‘पूर्व समुद्राच्या आत, उत्तर समुद्राच्या कोपऱ्यात’ ठेवतो. चाओश्येन म्हणजे कोरिया तिथे बसतो, भारत बसत नाही. ओळी सरकल्या असाव्यात किंवा दूरच्या देशाचे केवळ नाव कानी आले असावे. यावरून प्राचीन चिनी लोकांना भारताची दिशाच ठाऊक नव्हती असा मोठा निष्कर्ष काढू नये.

दुसरी जागा आठव्या अध्यायातली: स्वतःचे कान दोन्ही हातांनी सावरून धरणारे लोक. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात एकपाद आणि कर्णप्रावरण, म्हणजे कान पांघरणारे, लोक येतात. साम्य लक्षवेधी आहे, वहीत जरूर टिपा. मात्र कुणी कुणाकडून घेतले हे एवढ्यावरून ठरत नाही. तेच मेरू आणि कुनलुनचे. दोन्ही जगाच्या मध्याशी जोडले जातात, पण या ग्रंथातला कुनलुन देवाची ‘खालची राजधानी’ आहे आणि तिची राखण वाघाच्या देहाचा, नऊ शेपट्यांचा लूवू करतो.

ग्रंथात नसलेले प्राणी

इंटरनेटवर ‘शानहाय जिंगमधला’ म्हणून फिरणारे बरेच काही त्यात नाही. नववर्षाचा नियेन राक्षस नाही. सर्वज्ञ बायझे आजच्या पाठात नाही. संपत्ती आणणारा पीश्यू नाही. विश्वनिर्माता पांगू नाही. चंद्रावर गेलेली छांग-अ नाही. पुराणकथांतले ‘चार दुष्ट’ राक्षसही चौकडी म्हणून नाहीत: छ्योंगछी आहे, ताओवू नाही, आणि ताओत्ये नावाने नाही, पाओश्याओ या पशूला ताओत्ये म्हटले ते ग्वो पूने. पूर्वेकडचे डोंगर अमेरिकेत नेऊन बसवणारी पुस्तकेही भेटतील. त्यांत नद्यांचा क्रम जुळवून दाखवलेला असतो का, एवढेच तपासा.

तपासण्याची रीत सोपी आहे. कुणी प्राण्याचे नाव सांगितले की तीन गोष्टी विचारा: अध्याय कितवा, माळ कितवी, डोंगर किंवा देश कोणता. जिंगवेई पक्षी असेल तर उत्तर असे हवे: अध्याय ३, उत्तरेची तिसरी माळ, फाजियू पर्वत. कावळ्यासारखा, चोच पांढरी, पाय लाल, पूर्व समुद्रात बुडालेली, यान-दी या पौराणिक सम्राटाची मुलगी, पश्चिमेच्या डोंगरांवरून काड्या-खडे आणून समुद्र बुजवते. झांग नदी तिथूनच निघते. फाजियू आजही शान्शी प्रांताच्या आग्नेय भागात, छांगझी परिसरात दाखवतात. आपल्या वहीतही प्रत्येक उताऱ्यापुढे हाच पत्ता लिहा, आणि भाष्यकाराचे वाक्य असेल तर त्याचे नाव वेगळे द्या.